सात कलिंगडं गप्प

विद्यापीठात त्यांना सगळे 'तात्पुरते सर' म्हणायचे. आडनाव नव्हे बरं का! पहिल्या वर्षी नेमणुकीच्या पत्रावर 'तात्पुरती नेमणूक, अकरा महिने' असं छापून आलं, आणि पुढची एकोणीस वर्षं त्या ओळीतला एक शब्द हलला नाही. अकरा महिने शिकवायचं, बाराव्या महिन्यात खोलीची किल्ली कार्यालयात जमा करून घरी बसायचं, मग पुन्हा पत्र, पुन्हा किल्ली. खोली तरी कसली, जिन्याखालची. एका बाजूला सर ताठ उभे राहू शकत, दुसऱ्या बाजूला छत उतरत उतरत गुडघ्याला यायचं, तिथे त्यांनी यंत्रं मांडली होती. तास सुटला की डोक्यावरून दोनशे पोरं धडधडत खाली यायची. तेवढा वेळ सर बोट वर करून गप्प बसायचे आणि आवाज संपला की अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करायचे.

विषय कोणता म्हणाल, तर यंत्राला अक्कल शिकवण्याचा. आज हे ऐकलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. सरांनी हा विषय घेतला तेव्हा लोक खुर्ची मागे घ्यायचे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "का, खरी संपली का?" सरांच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ, या विषयात नोकरी नाही, मान नाही, कुणी मुलगी देईल याचीही खात्री नाही. पण गंमत आहे." सर गमतीला भुलले. तरुणपणी माणूस कशाला भुलेल, काही नेम नसतो.

तीन वर्षं खपून त्यांनी पहिलं यंत्र तयार केलं. चित्र दाखवलं की ते मांजर आहे की बूट, एवढंच ते सांगायचं. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्या पठ्ठ्यानं एकोणीसच्या एकोणीस चित्रांना बूट म्हटलं. परीक्षक दयाळू निघाले. "यातले नऊ तर खरंच बूट आहेत," ते म्हणाले, "सुरुवात वाईट नाही." सर डॉक्टर झाले ते असे.

लग्नाच्या वेळी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?"

"यंत्राला शिकवतो."

"शिकतं का?"

"अजून नाही."

वडिलांनी कपाळाला हात लावला, पण मुलगी खुदकन हसली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर तोंड उघडून खोटं बोलणारी माणसं बघायची, "रोज दोनदा घासतो हो" वगैरे. हा एक जण तोंड उघडून खरं बोलला, म्हणून तिला आवडला.

विभागाचे प्रमुख म्हणजे सरांचेच वर्गमित्र. बारा वर्षं ते दर बैठकीत म्हणत आले, "तुमचा हा विषय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." मग जगात वारं फिरलं. यंत्रं बोलायला लागली, चित्रं काढायला लागली, वर्तमानपत्रं रोज त्यांच्याबद्दल लिहायला लागली. एका सोमवारी सर कामावर आले तर विभागाच्या दारावर नवी कोरी पाटी, 'कृत्रिम बुद्धिमत्ता विभाग', आणि तिच्याखाली प्रमुखांचं भाषण चाललेलं, "मी पहिल्यापासून सांगत होतो..." जिन्याखाली बसून सरांनी ते ऐकलं. चहात बुडवलेलं बिस्किट चहातच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तर सरांची चांदी झाली असेल. कुठली हो! पाटी बदलल्यावर कालची पोरं आली आणि पटापट कायम झाली. कायम व्हायला नियमाप्रमाणे एक 'ठळक काम' दाखवावं लागे, आणि सरांना एक वाईट खोड होती. स्वतःचं यंत्र बरोबर चालायला लागलं की हे त्याच्या मागे हात धुऊन लागायचे. ते कुठे चुकतं हे सापडेपर्यंत त्यांना अन्न गोड लागायचं नाही. आणि सापडलं की लगेच छापून मोकळे. दुसऱ्यांच्या कामांच्या यादीत 'यशस्वी' हा शब्द ठासून भरलेला, सरांच्या यादीत 'का फसले' हा. बायको म्हणायची, "तुम्ही स्वतःचंच वधुसंशोधन करताय आणि स्वतःच नकार कळवताय."

पण वय थांबत नाही. बावन्न पूर्ण झाली की कायम करता येत नाही, असा नियम होता, आणि सरांची एक्कावन्न नुकतीच पूर्ण झाली होती. या वर्षी नाही तर कधीच नाही. पुढच्या वर्षापासून तर अकरा महिन्यांचं पत्रही येणार नव्हतं.

तेव्हा त्यांना कलिंगड सुचलं.

सरांची आई फळबाजारात बसायची. चाळीस वर्षं एकच गाळा, एकच स्टूल. सरांचे वडील लवकर गेले, पोरगं शिकलं ते फळांवर. आईची ख्याती एकाच गोष्टीसाठी, कलिंगडासाठी. ती कलिंगड मांडीवर घ्यायची, मधल्या बोटानं तीनदा टकटक करायची, आणि आत काय आहे ते सांगायची. शंभरातल्या पंचाण्णव वेळा बरोबर. बाजारातले बाकीचे विक्रेतेसुद्धा शंका आली की तिच्याकडे फळ घेऊन यायचे. कसं कळतं म्हणून विचारलं की म्हणायची, "कळतं." आता तिचे गुडघे गेले होते, गाळा सोडायची भाषा सुरू झाली होती. सरांनी विचार केला, हिच्या कानात जे आहे ते यंत्राच्या कानात घालता आलं तर? ठळक काम ठळक काम म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरांना शिकवायला ठेवलंय तुला, आणि तू यंत्राला शिकवतोस. बरं, शिकव. फीची आशा धरू नकोस."

काम मात्र सरांनी चोख केलं, त्याबद्दल कुणी बोट दाखवायचं कारण नाही. आईच्या शेजारच्या गाळ्यावर फळांच्या फोडी करून विकायचे. तिकडे जाणारं प्रत्येक कलिंगड आधी आईच्या मांडीवर यायचं. वर मायक्रोफोन टांगलेला. आई तीनदा वाजवणार, फळाला नंबराची चिठ्ठी लागणार, शेजारी ते कापणार, आणि सर रसाचा एक थेंब गोडी मोजायच्या उपकरणावर टाकून आकडा लिहिणार. सरांनी आईला सक्त ताकीद दिली होती, "वाजव, पण फळ चांगलं की वाईट याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर यंत्र फळ सोडून तुझंच ऐकत बसेल." आई शब्दाला पक्की. सहा महिने, चार हजार कलिंगडं, एक शब्द बोलली नाही. जन्मात एवढी गप्प ती पहिल्यांदाच बसली असेल.

चार हजार आवाजांतले तीन हजार यंत्राला शिकायला दिले. एक हजार कुलपात ठेवले, परीक्षेसाठी. पेपर आधीच फुटला तर परीक्षेला अर्थ नाही, हे सर वीस वर्षं पोरांना सांगत आले होते. मग कुलूप काढून परीक्षा घेतली. यंत्राला शंभरपैकी शहाण्णव गुण! आईहून एक जास्त! सरांनी पुन्हा मोजलं, पुन्हा शहाण्णव. ते उठले, आणि जिन्याखाली उडी मारू नये हे एकोणीस वर्षांत शिकलेलं विसरले. कपाळाला चांगलं टेंगूळ आलं.

या वेळी ते यंत्राच्या मागे हात धुऊन लागले नाहीत. आईनं वाजवलेलं कलिंगड, त्यात कसली आलीये चूक? आणि खरं सांगायचं तर, ते दमले होते. माणूस एकदा तरी दमणार की नाही!

निबंध मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला. प्रमुख जिन्याखाली आले, वाकून आले, ही त्यांची पहिलीच वेळ. "आपलं कलिंगड काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं. सरांचं कलिंगड त्या दिवशी 'आपलं' झालं. निवड समितीची तारीख ठरली. प्रमुख, कुलसचिव आणि बाहेरच्या विद्यापीठातल्या एक वयस्कर परीक्षक बाई, ज्यांच्या नावानं चांगले चांगले प्राध्यापक चळाचळा कापत. प्रात्यक्षिक दाखवायचं, दहा कलिंगडं, आई स्वतः वाजवणार, समितीसमोर कापणार. सगळं कसं झकास जुळून आलं होतं.

आणि आईची दाढ दुखायला लागली.

समितीच्या चार दिवस आधी सुनेनं सासूला आपल्या दवाखान्यात नेऊन दाढ काढवून आणली. गाल सुजून ढब्बू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, कापूस दाबून ठेवा, तोंड हलवू नका. पण आईला घरी कोण बसवणार? दुपारी ती गाळ्यावर हजर. सर म्हणाले, आलीच आहेस तर वीस कलिंगडं वाजव, सराव होईल. आईनं मुकाट्यानं वाजवली. यंत्रानं वीसच्या वीस कलिंगडांना कच्चं म्हटलं. कापली तर चौदा साखरेसारखी गोड.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वायर बदलली, मायक्रोफोन बदलला, यंत्र बंद करून चालू केलं, जे आपण सगळेच करतो ते. पुन्हा तेच. संध्याकाळी घरी येऊन जुने आवाज आणि आजचे आवाज आलटून पालटून लावत बसले. टक टक टक. टक टक टक. काही म्हणता काही फरक कळेना.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "आजच्यात आईंचं 'हं' नाहीये."

"कसलं हं?"

"कसलं काय? हं!" तिनं ओठ मिटून, नाकातल्या नाकात, कळेल न कळेल असा बारीक आवाज काढून दाखवला. "एखादी गोष्ट पसंत पडली की आई असं करतात. तुम्हाला माहीत नाही?"

"आई असलं काही करत नाही."

"अहो, एकवीस वर्षं मी त्या 'हं'ची वाट बघतेय! पडद्याचं कापड दाखवलं, वाट बघितली. भिंतीचा रंग दाखवला, वाट बघितली. एकवीस वर्षांत मोजून चार वेळा मिळालंय. लावा तो जुना आवाज."

सरांनी लावला. टक टक टक... हं. दुसरा लावला. टक टक टक... हं. कच्च्या फळांना नुसतंच टक टक टक. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो आवाज सर आईच्या पोटात असल्यापासून ऐकत आले होते. इतका ऐकला होता की त्यांना तो ऐकूच येत नव्हता. आई शब्दाला पक्की होती, सहा महिने एक शब्द बोलली नव्हती. पण 'हं' म्हणजे काही शब्द नव्हे. यंत्रानं टकटक सोडून तेवढंच पकडलं होतं. कुलपात ठेवलेल्या हजार आवाजांतही तेच 'हं' होतं, म्हणून तर शहाण्णव गुण! सरांनी सगळ्या आवाजांमधून 'हं' कापून टाकला आणि पुन्हा परीक्षा घेतली. एक्कावन्न. नाणं उडवलं असतं तरी पन्नास पडले असते.

आता बोला!

बायको शेजारी येऊन बसली. मग ती म्हणाली, "परवापर्यंत सूज उतरेल."

"हं," सर म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"म्हणजे आईंचं पण सुरू होईल. तुम्ही त्यांना काही सांगितलं नाहीत तर यंत्र चालेल. सांगितलंत, तर त्या जपून करायला जातील आणि घोटाळा होईल." ती उठली. "मी काही करा म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. पण एकोणीस वर्षं तुमचा बारावा महिना मीही काढलाय, एवढं लक्षात असू द्या."

सरांनी काय ठरवलं? काही ठरवलं नाही. हा आपल्या सगळ्यांचा आवडता मार्ग आहे. तीन दिवस त्यांनी स्वतःला सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, नंतर सावकाश दुरुस्त करू, एकदा कायम तर होऊ. आणि आईला काही सांगितलं नाही.

समितीच्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून आली. गाल पूर्ववत. दालनात लांब लाकडी टेबल, त्यावर दहा कलिंगडं ओळीनं, प्रत्येकाखाली गोल चुंबळ. यंत्राला दोन दिवे लावलेले, पिकलेल्याला हिरवा, कच्च्याला लाल. शिपाई सुरी घेऊन उभा. परीक्षक बाईंनी चष्मा वर करून आईला नमस्कार केला. प्रमुखांनी 'आमचा प्रकल्प' अशी सुरुवात करून दहा मिनिटं घेतली.

आईनं पहिलं कलिंगड घेतलं. टक टक टक. सरांनी कान टवकारले, आणि आता एकदा माहीत झाल्यावर तो आवाज त्यांना ढोल वाजल्यासारखा ऐकू आला. हिरवा दिवा. शिपायानं कापलं, लालबुंद. टाळ्या. दुसरं, लाल दिवा, आत पांढरं. तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी सरांना वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी वाटायचं, याच्यानंतर. पाचवं. सहावं. कुलसचिव फोडी खात खात "वा, वा" म्हणत होते, त्यांच्या टायवर रस सांडला होता. सातवं कापलं, सातही बरोबर. प्रमुख उठून सरांच्या पाठीवर थाप मारून गेले.

परीक्षक बाई आईला म्हणाल्या, "मावशी, आता तुम्ही खुशाल विश्रांती घ्या. यंत्र शिकलं."

आईचे डोळे भरून आले. लोकांसमोर डोळ्यांत पाणी काढणारी बाई नव्हे ती. "हो हो," ती म्हणाली. "मी गाळा सोडते आता. मला वाटायचं, माझी विद्या माझ्याबरोबर जाणार. माझ्या या लेकाला तर फळातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण राहिली बघा. माझ्या पोरानं ठेवली."

फसवायचं तर समितीला फसवावं, प्रमुखांना तर खुशाल फसवावं, सरांची काही हरकत नव्हती. पण ही बाई आता घरी जाऊन सुखानं बसणार, एका खोट्या गोष्टीच्या भरवशावर! आणि बाजारातले लोक ते यंत्र घेऊन कच्ची फळं विकणार.

"नाही राहिली, आई," सर म्हणाले.

प्रमुख खोकले. "ते विनयानं म्हणतायत..."

"विनय गेला खड्ड्यात," सर म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून विद्यापीठाच्या इमारतीत पहिल्यांदाच बाहेर पडलं. "बाई, आठवं कलिंगड तुम्ही वाजवा."

परीक्षक बाईंनी वाजवलं. लाल. नववं, दहावं, दोन्ही लाल. कापली तर तिन्ही गोड. कुलसचिवांच्या हातातली फोड हातातच राहिली.

"आता आई, तू हे टेबल वाजव. लाकूड कसंय सांग."

"टेबल? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" पण आईनं वाकून टकटक केलं. जुनं, भरीव, अस्सल लाकूड. तिला आवडलं. हिरवा दिवा लागला.

"टेबल पिकलंय," परीक्षक बाई म्हणाल्या.

मग सरांनी सगळं सांगितलं. 'हं' सांगितला, दाढ सांगितली, एक्कावन्न गुण सांगितले. परिषदेतला निबंध आजच मागे घेतो म्हणाले. "या यंत्राला कलिंगड कळत नाही," ते म्हणाले. "याला फक्त माझी आई कळते."

आई एवढी लालेलाल झाली की यंत्राचा लाल दिवा फिका पडला. "मी असलं काही करत नाही," ती ठसक्यात म्हणाली. "चाळीस वर्षांत कधी केलं नाही. खोटं बोलतोय हा." आणि रागारागानं प्रमुखांच्या खुर्चीवर बोट आपटून म्हणाली, "हे बघा, करतेय का?" तिनं काहीच केलं नाही. खुर्ची दाबलेल्या भुशाची, नकली लाकडाची होती. यंत्रानं लाल दिवा लावला.

समितीनं सगळ्यांना बाहेर पाठवलं. दार पातळ होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचे कान सहा महिन्यांत चांगलेच तयार झाले होते. आत प्रमुख म्हणत होते, "ठळक काम हवं, नियमात आहे, आणि हे तर फसलेलं काम. विद्यापीठाची शोभा झाली." मग परीक्षक बाईंचा आवाज आला. "वीस वर्षं मी अशा समित्यांवर बसतेय. माझ्यासमोर दीडशे यंत्रं आली, दीडशेच्या दीडशे बरोबर. एकानंही मला सांगितलं नाही की आमचं कुठे चुकतं. त्यातली निम्मी तरी कुणाच्या ना कुणाच्या 'हं'वर चालत असणार, आणि ते शोधायला तुमच्याकडे दुसरं कोण आहे? पाटी लावून यंत्राला अक्कल येत नसते हो."

आई बाकावर सरांकडे पाठ करून बसली होती.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. परिषदेला सरांनी पत्र पाठवलं होतं, निबंध मागे गेला. प्रमुख जिन्याखाली वाकायचे बंद झाले. घरी बायकोनं एकदाही विषय काढला नाही. मग एका सकाळी कार्यालयातून लिफाफा आला. सरांनी तो जिन्याखाली, ताठ उभं राहता येतं त्या बाजूला उभं राहून फोडला. 'तात्पुरती' हा शब्द त्यांनी चार वेळा शोधला. नव्हता.

सर पत्र घेऊन तडक फळबाजारात गेले. बस नाही, रिक्षा नाही, चालत. आईचा अबोला तीन आठवडे टिकला होता, गाळाही तिनं सोडला नव्हता. स्टुलावर बसून ती कलिंगडं पुसत होती. सरांनी पत्र पुढे धरलं आणि वाचूनही दाखवलं, कारण तिचा चष्मा घरी राहिला होता.

"म्हणजे आता तुला काढता येणार नाही?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

आईनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, फडक्याला हात पुसून पुन्हा घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, तो लपवायला ती दोन कलिंगडं इकडची तिकडे ठेवत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "मला एक सांग. तुला माहीत होतं ना, घरातून निघतानाच?"

"हो."

"मग सात कलिंगडं गप्प का बसलास?"

सरांना वाटलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. समितीच्या नाही, प्रमुखांच्या तर नाहीच. बाजाराचा गलबला चालू होता, शेजारी फोडी कापल्या जात होत्या, आणि यंत्रांच्या चुका शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाला कुठे बघावं कळेना.

"कायम व्हायचं होतं, आई," ते म्हणाले.

आईनं पत्राची नीट घडी घातली आणि त्यांच्या खिशात कोंबली.

"झालास ना आता? मग आता पहिल्याच कलिंगडाला बोलत जा."